वरच्या शेतातलं गोडं पाणी

सत्तावन्न सालच्या भाद्रपदात, अमावास्येच्या उधाणाने पनवेलच्या खाडीचा बांध फुटला आणि वेणूच्या दीड एकरात खारं पाणी शिरलं. गावाने दुसऱ्याच ओहोटीला बांधाला पडलेली खांड बुजवली. पाणी निघेल तेवढं खाडीत सोडलं, मीठ मात्र चिखलात राहिलं. चौथ्या दिवशी घोटाभर पाण्यात उभं असलेलं भात वाळू लागलं. मुळांनी पाणी ओढायचं, तर इथे खारं पाणीच मुळांतला ओलावा ओढून घेत होतं. भात पोटरीत आलेलं, लोंबी अजून पात्याच्या पोटातच. वर्षाचं खाणं तेवढंच.

नऊ दिवस पाऊस नव्हता. गोडं पाणी होतं ते फक्त काशिरामच्या वरच्या शेतात.

"काशिरामदादा, तुजा बांध फोड. माजं शेत धुऊन निघंल."

"बांध फोडायची तुला सवयच हाय," काशिराम म्हणाला. "चिंबोऱ्या गोड लागल्या ना?"

आषाढात वेणूने पहारीने खाडीच्या बांधातली बिळं उकरून आतले खेकडे काढले होते. बिळं तशीच ठेवली होती. खांड नेमकी तिथेच पडली.

"लागल्या. तुज्या घरी वाटा धाडलेला, तो कुठं परत आला?"

काशिरामने फावडं उचललं आणि दोन शेतांमधला बांध फोडला.

पाणी वेणूच्या शेतात उतरलं. तिने खालच्या अंगाने त्याला खाडीकडे वाट करून दिली होती. ती ओंजळ भरायची, जिभेला लावायची, थुंकायची.

"कसं हाय?"

"खारंच."

दुपारपर्यंत काशिरामच्या शेतात जागोजागी चिखल उघडा पडला. त्याचंही भात पोटरीतच होतं. तो तिकडे न बघता म्हणाला, "अजून थोडं जाऊ दे."

वेणूने पुन्हा चव घेतली. मग आपल्या भाताकडे पाहिलं. पात्यांच्या सुरळ्या उलगडल्या नव्हत्या. ती बांधाशी गेली आणि दोन्ही हातांनी चिखल ओढून फोडलेल्या जागी लोटू लागली.

"अगं, काय करतंस?"

"तुजं तरी राहू दे."

काशिराम तिला अडवायला पुढे झाला नाही, मदतीलाही नाही. पाणी थांबलं तेव्हा ती कोपरापर्यंत चिखलात होती.

"हिरवं हाय तवर कापते," ती म्हणाली. "तुजी म्हस खारट खाईल का?"

"खाईल," काशिराम म्हणाला आणि विळा आणायला घराकडे वळला.