कात्रीपलीकडचा ठिपका

मी एक क्ष-किरण बोलतोय. हो, हाडं दाखवतो तोच. पण मी दवाखान्यातला नाही. माझं घराणं फार दूरचं आणि भलतंच तापट.

एका आकाशगंगेच्या पोटात एक अजस्र कृष्णविवर बसलंय. त्याच्या तोंडाशी वायूचा भोवरा गरगरतो, घासून घासून तापतो. त्या तापात मी जन्मलो. भोवती मात्र धुळीचं आणि वायूचं जाड कडं. साधा प्रकाश तिथेच गुदमरला. माझी मवाळ भावंडंही त्या कड्यानं गिळली. मी जात्याच कडक, जास्त ऊर्जेचा, म्हणून आरपार निघालो. मग कोट्यवधी वर्षं नाकासमोर चालत राहिलो.

शेवटी अवकाशातल्या एका दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर आदळलो आणि संपलो. उरला फक्त एक ठिपका. तो एका तरुण संशोधिकेच्या पडद्यावर उमटला. तिला सगळे मिरची म्हणत.

त्या खोलीत एक रीत होती. किरण मवाळ ते कडक असे ओळीनं मांडलेला आलेख हाती आला की आधी त्याच्या उजव्या टोकाला, म्हणजे आम्हा कडक किरणांच्या जागेला, कात्री लावायची. रीत तिथल्या प्रमुखांची, म्हणजे सरांची, त्यामुळे का म्हणून कुणी विचारत नसे. उरलेल्या भागात काही दिसलं नाही, की ती आकाशगंगा 'शांत', म्हणजे पोटातलं कृष्णविवर निजलेली, ठरवून मोकळं व्हायचं. एकदा शांत ठरली, की तिच्याकडे पुन्हा दुर्बीण वळत नाही.

माझ्या माहेरावरही तोच शिक्का बसायचा होता. तिच्यावरचा शोधलेख संध्याकाळी पाठवायचा होता आणि मिरचीनं कात्री लावलीच नव्हती.

सर चिडले. तिकडे कॅमेऱ्याची नुसती खरखर असते, खोटे ठिपके, यात आमची हयात गेली, म्हणाले. हयात गेली म्हणजे रीत बरोबर ठरते का, असं मिरची पुटपुटली. सरांना ऐकू जाईल इतपतच हळू. मग तिनं शेजारच्या रिकाम्या आकाशाचा, त्याच कॅमेऱ्यानं टिपलेला तुकडा बाजूला मांडला. खरखर असती तर तिथेही असती. तिथे शुकशुकाट होता. इथे आम्ही दाटीवाटीनं उभे.

"सर, तुमच्या वेळचा कॅमेरा या बाजूला आंधळा होता," ती म्हणाली. "हा डोळस आहे. आपणच त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतोय."

सरांनी चष्मा पुसला. दोन्ही चित्रं पाहिली, पुन्हा पाहिली. मग खालच्या आवाजात विचारलं, "नवा कॅमेरा आल्यावर मी शांत ठरवलेल्या किती असतील गं?"

"खूप आहेत, सर."

"मग काढ सगळ्या. पहिलीपासून बघू."

मिरचीच्या जिभेवर काहीतरी झणझणीत आलं होतं. तिनं ते गिळलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

मी अजून त्या पडद्यावर आहे, उजव्या टोकाला. माझ्यामागून निघालेले अजून वाटेत आहेत. ते पोचतील यात मला शंका नाही; आम्हाला अडवणं कड्याला जमलं नाही, ते अंतराला काय जमणार? तुम्ही फक्त कात्री खाली ठेवा.