काढायचं पान

दुपारी पोर झोपली की सून लिहायला बसे. इस्त्रीच्या टेबलावर, एका हाताने पाळण्याची दोरी ओढत. अशा दोन वर्षांच्या दुपारींतून एक कादंबरी झाली.

ती टाइप केली नवऱ्याने, आणि लेखकांना प्रकाशक मिळवून देणाऱ्या अकरा साहित्य-एजंटांना पाठवली तीही त्यानेच, स्वतःच्या नावाने. यात आपण काही वावगं करतोय असं त्याला वाटलं नाही. त्या घराची रीतच तशी होती. बाईचं नाव चारचौघांत कशाला, असं सासरे म्हणत. ते निवृत्त हेडमास्तर, आणि काचेच्या कपाटात त्यांच्या नावाची तीन पुस्तकं होती. माझ्या नावाने पाठवू ना, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा पोर तापाने फणफणली होती. सून "बरं" म्हणाली आणि तिच्या कपाळावरची पट्टी बदलत राहिली.

दहा एजंटांचे नकार आले. अकराव्या एजंट एक बाई होत्या, त्यांनी कळवलं, प्रकाशक मिळेल असं वाटतं, मंगळवारी भेटायला येते.

एजंटबाई आल्या, चपला काढून नीट बसल्या. पुस्तक प्रकाशकाच्या गळी कसं उतरवायचं ते आपण पाहू, म्हणाल्या. पण त्याआधी प्रत्येक नव्या लेखकाला त्या एकच प्रश्न विचारत.

"यातलं एक पान काढायचं झालं तर कोणतं काढाल?"

नवरा हसला. "एकही नाही. पोटच्या पोराचं बोट कुणी कापतं का?"

सून चहाचा ट्रे टेकवत होती. कडेवर पोर. तिचा आवाज दूध संपलंय असं सांगावं इतका सपाट होता.

"एकशे बारावं. तिथं आई रडते. ती रडणारी नाही."

एजंटबाईंनी पिशवीतून बाड काढून ते पान उघडलं. त्यावर त्यांनीच केलेली पेन्सिलीची फुली होती.

नवऱ्याने घाईने सांगितलं, की ही वाचते आपलं, थोडी मदत करते. एजंटबाईंनी कराराचा कागद टेबलावर ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. 'हे लेखन माझे स्वतःचे आहे.' खाली सहीची जागा. खोटी सही आपल्याला चालत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

"अहो, नाव घराण्याचंच लागणार," कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासरे म्हणाले. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? लिहिलं असेल सूनबाईने. पण सही कर्त्या माणसाची."

"माझ्या नावाने होत असेल तर छापा," सून म्हणाली. "नाहीतर नको."

"मग नकोच," नवरा म्हणाला.

तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. पोरीने तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं, ते तिने हळूच काढलं. एजंटबाई कागदाची घडी घालू लागल्या.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. पाहुण्यांसमोर त्या एरवी येत नसत. त्या सरळ कपाटाकडे गेल्या, तिसरं पुस्तक काढलं, न चाचपडता एक पान उघडलं आणि एजंटबाईंच्या पुढ्यात धरलं.

"हे छत्तिसावं. मला काढायचं होतं. एकतीस वर्षं झाली. मला कुणी विचारलंच नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"आण तिला इकडे," सासूबाईंनी पोरीला घ्यायला हात पुढे केले. "दोन्ही हात मोकळे असले की सही नीट येते."

एजंटबाईंनी कागदाची घडी पुन्हा उलगडली आणि सुनेने सही केली. नवरा खिडकीबाहेर पाहत होता. आनंद होईल असं तिला वाटलं होतं, झाला नाही. सासूबाईंच्या खांद्यावर पोर मात्र झोपून गेली होती.

तुमच्याही घरी असं काचेचं कपाट असेल. त्यातलं एखादं पुस्तक काढा, घरातल्या बाईसमोर धरा आणि विचारा, यातलं कोणतं पान काढाल?

उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.