चराईबंदी

“हे पायप आमच्या वाडीलाच हायत ना गो?” बयाबाईंनी विचारलं.

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, वाडीच्या झऱ्यापाशी निळ्या पाइपांचा ढीग पडला होता. अनुपमालाही तसंच वाटलं होतं. तिने मुकादमाला विचारलं.

“वाडीला नाय मॅडम. खाली कंपनीचं गेस्ट हाऊस होतंय ना, तिकडं. सायबांनी सांगितलं नाय तुमाला?”

नव्हतं सांगितलं. बयाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

अनुपमा महाडची. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती सांडपाणी तपासायची. तपासलेलं पाणी तसंच नदीत जातं हे बघून वैतागली, नोकरी सोडायला निघाली, तेव्हा तिथल्याच वरिष्ठ यज्ञेश्वर सरांनी तिला गाठलं. “बाहेरून शिव्या देणं सोपं आहे. आत शिरून कंपन्यांना शहाणं करू,” म्हणाले. दोघांनी मिळून सल्लागार संस्था काढली. कंपनी ज्या मुलखाचं पाणी पिते, त्या मुलखाचं देणं लागते, असं अनुपमा प्रत्येक बैठकीत सांगे. शेजारी बसलेले सर मान डोलवत.

या वाडीचा झरा आटत चालला होता. खालच्या एका कंपनीच्या खर्चाने उतारावर झाडं लावायची आणि ती वाढेपर्यंत तिथे चराईबंदी ठेवायची, असा बेत ठरला. वाडी काही केल्या तयार होईना. शेवटी बयाबाई म्हणाल्या, “तू सांगतेस म्हणून.” चारायला जागा उरली नाही, तशी त्यांनी निम्मी शेरडं विकून टाकली. झाडांनी मूळ धरलं. यंदा झरा भर वैशाखातही वाहत होता.

अनुपमा तशीच महाडला उतरली. सर कार्यालयातच होते.

“पैसा कंपनीचा होता,” ते म्हणाले. “थोडं पाणी खाली नेलं तर काय बिघडलं? पुढच्या गावांची कामंही आपल्यालाच मिळतायत.”

“पाणी वाडीलाच राहील, असा शब्द दिला होता आपण.”

“शब्द तू दिलास. कंपनीने नव्हता दिला.”

“तुम्ही शेजारी बसला होतात, सर.”

सरांनी चहा मागवला. गेस्ट हाऊसचं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, हे तिला तेव्हा उमगलं. वाडीला पटवायला खरी कळकळ लागणार होती, ती त्यांनी तिच्याकडून घेतली होती. चहा न घेताच ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बयाबाईंच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं.

“म्हंजे तुलापण ठाव नव्हतं?”

“नव्हतं. पण तुम्हाला सांगितलं ते मीच, मावशी.”

“हां. तूच सांगितलंस,” बयाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

अनुपमा झऱ्याकडे गेली. पाइपांसाठी चर खणायचं काम सुरू होतं. ती चरात उतरून यंत्रासमोर बसली. चालकाने इंजिन बंद केलं. मुकादम फोन लावत राहिला.

ऊन चढलं, तशा वाडीतल्या बायका एकेक करून आल्या आणि चरात बसल्या. बयाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. अनुपमाने सरकून शेजारी जागा केली. तिच्या समोरून पुढे जाऊन बयाबाई पार पलीकडच्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून बसल्या.