उठा न जी, भात थंडा होऊन राह्यला

टण्ण. टण्ण.

भाताच्या गंजावरच्या झाकणीवर दोनदा पळी वाजली आणि घरापुढच्या सपरीतली सामसूम मोडली. पाच वर्षांची टीना दचकून आईला बिलगली.

"आई, काय वाजलं?"

पुष्पांजलीलाही क्षणभर उमगेना. मग स्वयंपाकघराच्या दारात माय दिसली. हातात पळी, डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे. ती जेवायला बोलावत होती. पळी वाजवून.

ही तीच मनकर्णाबाई, जिची हाक घरातून निघाली की तलावाच्या पाळीवर ऐकू यायची. त्या हाकेनं शेजारच्या दोन-चार घरांतली माणसंही हात धुवायला उठायची.

तिरोडा स्टेशनावरून त्यांना घेऊन आलेला ऑटोवाला छोटेलाल बॅगा सपरीत ठेवत होता. त्याला राहवलं नाही.

"काऊन वं काकी, पळी कायले वाजवतेस? आवाज दे न! उठा न जी, भात थंडा होऊन राह्यला!"

माय आत वळली. पुष्पांजली सवयीनं हसली, आणि हसून झाल्यावर तिला वाटलं, आपण हसायला नको होतं.

ते वाक्य आता कुणाला माहीत नव्हतं? पुष्पांजली रहांगडाले हे नाव ज्यांना आठवायचं नाही, त्यांनाही 'ती भात थंडावाली' म्हटलं की लगेच कळायचं. बारावीत असताना गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटकमंडळी यायला उशीर झाला, लोक चुळबुळ करू लागले, तेव्हा कुणीतरी हिच्या हाती माइक दिला. हिनं शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या. पुढे नागपूरला कॉलेज, तिथल्या एका चहाच्या हॉटेलात वीस-पंचवीस माणसांसमोर उभं राहणं, मग मुंबई. चार वर्षं कुणी विचारलं नाही. पाचव्या वर्षी तिनं बाबूजींची गोष्ट सांगितली आणि सगळं पालटलं. आता दर शनिवारी टीव्हीवर हसण्याचा कार्यक्रम असतो, त्याची सूत्रं तिच्या हाती असतात.

गोष्ट साधीच होती. उमरावजी म्हणजे बाबूजी, खाटेवर तोंडावर दुपट्टा घेऊन झोपायचे. पाहुणे आले, बँड गेला, गाय सुटली, ते उठायचे नाहीत. माय ताट वाढून ओरडायची, "उठा न जी, भात थंडा होऊन राह्यला!" दहा वेळा. वीस वेळा. शेवटी ती हळूच म्हणायची, "बरं. मी जेवून घेतो मंग." त्याबरोबर बाबूजी ताडकन उठून बसायचे, "वाढून राह्यली का?" कारण नवऱ्याच्या आधी माय कधी जेवलीच नव्हती. तिनं तसं म्हणणं म्हणजे आभाळ कोसळणं.

यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. फक्त एक गोष्ट पुष्पांजलीनं पदरची घातली होती. स्टेजवर ती मायच्या अवतारात एक मोठा घास तोंडात कोंबायची, झोपलेल्या बाबूजींना ऐकू जाईल अशी मचमच करत खायची. त्या घासाशिवाय शेवट पडत होता. घास घातला आणि लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवू लागले.

तिनं ही गोष्ट का रचली, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाबूजी गेले तेव्हा टीना आठ महिन्यांची होती. तापलेल्या लेकराला घेऊन पुष्पांजली पोचली तोवर सरणही विझलं होतं. तेरवी करून ती मुंबईला परतली. मग लेकीला मांडीवर झोपवता झोपवता एका दुपारी तिच्या मनात बाबूजी खाटेवरून ताडकन उठून बसले. तिला तेवढंच हवं होतं. स्टेजवर ते रोज उठायचे.

जेवताना तिनं विषय काढला. ताटात भात, लाखोरीचं वरण, वांगी. माय समोर बसून वाढत होती.

"माय, दिवाळीच्या भागात सगळ्यांच्या आया दाखवणार आहेत. उद्या सकाळी गोंदियावरून आमची कॅमेऱ्याची माणसं येतील. तू खाटेजवळ बसायचं आणि एकदा ते म्हणायचं. बस."

वाढता हात थांबला.

"भाताचं?"

"हो. आणि पुढचं, जेवून घेतो मंग. जमलं तर एक घासही खाऊन दाखव. लोकांना खूप आवडतो तो."

मायनं पळी गंजात ठेवून विचारलं, "कोणतं लुगडं नेसू?"

शिक्षा ऐकून घ्यावी तसा तिचा आवाज होता. लोक चिडवतात म्हणून माय रुसली असेल, असं तिला दोन वर्षं वाटत होतं. फोनवर 'हो', 'बरं', 'पोरीले जप' याच्या पलीकडे माय बोलत नव्हती. पण हा रुसवा नव्हता.

दुपारी टीना झोपली तशी ती शेजारच्या निर्मलाकाकीकडे गेली. काकी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"आली का, टीव्हीवाली? बस."

"काकी, माय बोलत का नाही?"

"तूच सांग न. तूच तं बोलून राह्यली तिच्या वाट्याचं बी."

"टोमणे नंतर मार. मला सांग."

काकीनं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुले खरंच नाई मालूम?"

"काय?"

काकी उठली, फाटक लोटून आली, आणि खाली बसून तांदळाकडे पाहतच बोलू लागली.

"त्या दिवशी मी ताक मागाले गेली होती. तुये बाबूजी खाटेवर, तोंडावर दुपट्टा. नेहमीसारखे. माय वाढून बसली होती. दहादा आवाज देल्ला तिनं. मंग म्हणे, मी जेवून घेतो मंग. तरी नाई उठले. तिले वाटलं, आज ढोंग करून राह्यले. म्हणून तिनं खरंच खाल्लं, पोरी. दोन घास. त्याइले ऐकू जावाले पाह्यजे म्हणून मचमच करून. हासून राह्यली होती ते. माह्याकडं पाहून डोळा मारला तिनं. मंग मी गेली अन् दुपट्टा बाजूले केला."

पुष्पांजलीनं अंगणातल्या सुपाची कड घट्ट धरली.

"घरात मयत अन् तिच्या तोंडात भात. सरण विझेपर्यंत लोक पाणी पीत नाई, अन् हे... मीच तिचं तोंड धुतलं. ताट लपवलं. मंग गावाले आवाज देल्ला. माह्या गळ्याची शपथ, कोणालेच नाई सांगतलं मी. पण तुया कार्यक्रमात तू तसाच घास खाल्ला. तशीच मचमच. तिले वाटलं, निर्मलानं सांगतलं असंल पोरीले, अन् पोरीनं जगाले दाखवलं. दोन वर्षं झाली. माह्या अंगणात पाय नाई ठेवला तिनं."

तलावाच्या पाळीवर उभं राहून पुष्पांजलीनं विक्कीला फोन लावला. विक्की कार्यक्रमाचा निर्माता. गोंदियाच्या हॉटेलात माणसं उतरवून बसला होता.

"उद्या येऊ नका. माय बसणार नाही."

"अरे दीदी, माजी के बिना एपिसोड क्या? चॅनलवाले इसी के भरोसे बैठे हैं. मना केलं तर पुढच्या वर्षी कोण होस्ट राहील, मी सांगू शकत नाही."

"नका सांगू. आणि ती भाताची गोष्ट आता मी करणार नाही. कुठंच."

"तबियत ठीक आहे ना?"

तिनं फोन ठेवला. पाण्यावर वारा होता. पलीकडे धान पिवळं पडून वाकलं होतं. इतके दिवस बाबूजींना उठवत होतो आपण, आणि दर वेळी मायच्या तोंडात तो घास कोंबत होतो.

घरी आली तेव्हा माय दिवेलागण करून बसली होती. मांडीवर घडी मोडलेलं नवं लुगडं.

"माय, मले मालूम नव्हतं."

"काय?"

"घासाचं."

मायचा हात लुगड्यावर थांबला. "निर्मलानं सांगतलं?"

"आज. आत्ता. त्याच्या आधी नाही. तिनं कधीच नाही सांगितलं कुणाला."

मायनं वर पाहिलं. मग म्हणाली, "मंग तू कायले खाल्ला होता घास?"

"लोक हसावेत म्हणून."

"हासले न?"

"हसले."

मायनं मान हलवली, लुगड्याची घडी घातली आणि भात वाढायला आत गेली. पुष्पांजली तिथंच बसून राहिली. माफी कशी मागतात, हे तिला आठवेना.

आता पळी वाजेल, म्हणून ती वाट पाहत होती. पळी वाजली नाही. टीनाचाच आवाज आला.

"आजी, इकडे बघ ना!"

सपरीतल्या खाटेवर, जिच्यावर साडेचार वर्षांत कुणी पाठ टेकली नव्हती, टीना आडवी झाली होती. खुंटीवरचा बाबूजींचा दुपट्टा ओढून तिनं तोंडावर घेतला होता. मोबाइलवर पाहून पाहून तिला सगळं पाठ होतं.

"मी आजोबा झाले. उठव मला."

पुष्पांजली धावली. "टीना, खाली उतर आधी!"

"राहू दे," माय म्हणाली.

ताट हातात घेऊन ती दारात उभी होती. सावकाश खाटेजवळ आली, खाली बसली. ताट समोर ठेवलं. तिचे ओठ दोनदा हलले, आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा निघाला, चिरका, न वापरलेला.

"उठा न जी. भात थंडा होऊन राह्यला."

दुपट्ट्याखाली खुदखुद. टीना हलली नाही.

"उठा न जी."

काहीच नाही. फक्त तो पातळ दुपट्टा लेकराच्या श्वासानं वरखाली होत होता. माय त्याच्याकडे एकटक पाहत होती.

"बरं," ती म्हणाली. "मी जेवून घेतो मंग."

"घास पण खा ना, आजी!" दुपट्ट्यातून फर्मान आलं. "त्याशिवाय मी उठणार नाही!"

पुष्पांजलीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा मायनं भाताचा घास तोंडात घातला होता.

"वाढून राह्यली का?" टीना ताडकन उठून बसली, दुपट्टा भिरकावून खिदळू लागली. मायनं तिला ओढून उराशी धरलं, इतकं घट्ट की पोर कळवळली. घास तोंडातच होता. गिळवत नव्हता, थुंकवत नव्हता, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

टीनानं कसंबसं डोकं बाहेर काढलं आणि गोंधळून आईकडे पाहिलं. हजारो लोकांना हसवणारी तिची आई खांबाला धरून उभी होती.

"आई, मी तर उठले," टीना म्हणाली. "मग आजी काऊन रडून राह्यली?"