धावायला माती

अंकिताच्या दोन्ही नडग्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात दुखायला लागल्या. आधी फक्त धावताना, मग चालतानाही. शेवटी शेवटी तर पायांवर गोधडीचा भार सोसेना. वय तेवीस, पोलीस भरतीची तयारी चाललेली, आणि रोज सकाळी गावातल्या नव्या सिमेंट रस्त्यावर पाच किलोमीटर धावणं. गाव रोहण्यापासून चार किलोमीटरवर. हा रस्ता झाला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला होता.

आर्वीला धम्मदीप सर भरतीच्या मुलामुलींकडून मैदानाची तयारी करून घेत. त्यांनी तिच्या नडगीच्या हाडावर अंगठा दाबला, तशी ती कळवळली.

"सिमेंटवर धावून राह्यली ना?"

"हो सर."

"आजपासून बंद. सिमेंट काही पोटात घेत नाई, सगळा मार पायालेच वापस देते. डांबर त्याच्यापेक्षा बरं. माती सगळ्यात बरी. आणि भरतीचे आठशे मीटर तुले मातीवरच मारायचे हायेत. तं माती पाह्य."

चार दिवस आराम करून तिनं आधी डांबर धरलं, कारण ते जवळ होतं. आर्वीच्या रस्त्यावर पहाटेपासून कापसाच्या गाड्या आणि गिट्टीचे टिप्पर चालत. कडेचा उतार पायाला वाकडा करी, पण नडग्यांना थोडं बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मागून एक टिप्पर आला, बाजूने जाताना जरा हळू झाला, आणि खिडकीतून तंबाखूच्या खर्‍याची पिचकारी आली. ती तिच्या खांद्यावर, मानेवर आणि उजव्या कानात उडाली. कोमट होती. आतून कोणीतरी हसलं आणि टिप्पर पुढे गेला.

अंकिता घरी येऊन न्हाणीत बसली. तीन वेळा साबण लावला. कानातून सुपारीचा एक बारीक तुकडा निघाला. तो बोटावरून झटकून तिनं पुन्हा साबण घेतला. टी-शर्ट तिनं धुतला नाही, चुलीत घातला.

शाळेचं मैदान दोन दिवस चाललं. मग तिथं कोणाच्या तरी पोराचं लग्न लागलं आणि मागे उष्ट्या पत्रावळी, बुंदीत रुतलेले प्लास्टिकचे ग्लास आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचा राहिल्या. त्यात डुकरं तोंड घालून होती.

उरली पांदण. गावाच्या उत्तरेला, तुरीच्या आणि कपाशीच्या शेतांमधून नाल्यापर्यंत जाणारी बैलगाडीची वाट. सरळ, जवळपास दोन किलोमीटर. खाली काळी माती, वर दाबून बसलेला मुरूम. पाय ठेवला की जमीन किंचित आत जाई आणि पायाला वर सोडी. धावायला याहून चांगली जागा तालुक्यात शोधून सापडली नसती. आणि या जागेचं नाव निघालं की गावातली प्रत्येक बाई पदर नाकाला लावायची. पांदण पुरुषांची होती. झुंजुमुंजू झालं की बाटल्या, डबडी घेऊन सगळे तिकडे निघत. घराघरांत संडास होते. गावाच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' असा निळा फलकही होता. वासुदेवराव सरपंच असताना तो लागला होता, आणि त्याखाली त्यांनी साहेबांबरोबर फोटो काढून घेतला होता.

"तिकडं नको जाजो," आई, कोकिळा, म्हणाली.

"मंग कुठी धावू, आई? छतावर?"

दुसऱ्या दिवशी सहाला अंकिता पांदणीत शिरली. वास आधी आला. मग माश्या आल्या. थंडीनं जड झालेल्या, उडायचं सोडून चेहऱ्यावर येऊन बसणाऱ्या. मधली पट्टी बरीचशी साफ होती, दोन्ही कडा भरलेल्या. ओलं, वाळलेलं, कुत्र्यांनी ओढून आणलेलं. ती ओठ घट्ट मिटून धावत होती, कारण तोंड उघडलं तर ते सगळं आत जाईल असं तिला वाटत होतं. पुढे एकेक माणूस तिला पाहून घाईघाईनं उभा राहत होता. धोतर सावरत, पँट ओढत, तोंड फिरवत. ती खाली मान घालून पुढे गेली.

आंब्याच्या झाडाजवळ एक जण उठला नाही. त्याची पाठ तिच्याकडे होती आणि कानाला मोबाईल होता. सोयाबीनला काय भाव आला ते तो मोठ्यानं विचारत होता. अंकितानं करड्या रंगाचा स्वेटर ओळखला. मागच्या हिवाळ्यात तिनंच वर्ध्याहून आणला होता.

ती तिथूनच वळली आणि परत आली.

बाबा, बबनराव, अर्ध्या तासानं घरी आले. चहा घेतला. नऊला जेवायला बसले. त्यांनी ठेच्याचा एक गोळा बोटांनी उचलला आणि अंकिताच्या ताटात ठेवला.

"खाय. आज वाळून गेल्यासारखी दिसून राह्यली."

तिनं त्या बोटांकडे पाहिलं. नखांत काळं होतं. मातीच असेल. पण ती ताटावरून उठली, मोरीपर्यंत पोचली आणि तिथंच ओकली.

"काय झालं वं?" आई धावली.

"बाबा, आपल्या घरी संडास हाये," अंकिता तोंड पुसत म्हणाली.

बबनरावांचा घास हातात थांबला. "मंग?"

"त्यात कुटार भरलं हाये. त्याले कुलूप हाये. आणि तुमी आंब्याखाली बसता."

"तू पांदणीत गेलती?" बबनरावांचा आवाज चढला. "ते मानसायची जागा हाये! पोरीच्या जातीनं तिकडं जावं काय? लाज नाई वाटली?"

"वाटली ना. मलेच वाटली. बसलेल्यायले कोनाले वाटली नाई."

"डब्ब्यात कोंडून घेऊन मले होत नाई. मोकळ्यात बरं वाटते. माह्या बापाचंही तसंच होतं." त्यांनी ताट सरकवलं. "आता बापाले हे बी शिकवशील काय?"

त्या दुपारी अंकितानं संडासातलं कुटार, गुरांसाठीचा भुसा, पोत्यांत भरून गोठ्यात नेलं. जाळ्या काढल्या, भांडं घासलं, बादली ठेवली. कुलूप तिनं काढून खिडकीत टाकलं. कोकिळा पाणी ओतत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे बबनराव बाटली भरून त्या उघड्या दारासमोरून पांदणीकडे निघून गेले.

पाच मिनिटांनी अंकिताही निघाली. आज तिनं मान खाली घातली नाही. पहिल्याच वळणावर वासुदेवराव होते.

"राम राम, वासुदेवराव काका!" ती मोठ्यानं म्हणाली.

वासुदेवराव धडपडत उठले. ती पुढे गेली. "राम राम, मुकेशभाऊ! राम राम, अण्णाजी!" नाल्यापर्यंत जाऊन ती वळली. तोवर सगळे पुन्हा बसले होते. पुन्हा सगळे उठले. त्या सकाळी तिनं तीन खेपा केल्या. कोणाचं धड काम झालं नाही. तिला हसू मात्र एकदाही आलं नाही. यातल्या निम्म्या माणसांच्या ती सणाला पाया पडली होती.

आंब्याजवळ बबनराव उभेच होते. पँटचा पट्टा धरून.

"राम राम, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नंतर घरीही पाहिलं नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

गावात चर्चा झाली. पोट्टी वाया गेली, बबनरावानं डोक्यावर चढवली. वासुदेवराव घरी येऊन कोकिळेला म्हणाले, "पोरीले समजावा. मोठ्यायची अब्रू काढून राह्यली ते."

कोकिळा सुपात तूर पाखडत होती. "भाऊजी, अब्रू रस्त्यावर काढून ठेवली तं कोनीबी पाहील," ती म्हणाली आणि सूप जोरात आपटलं.

रोजच्या राम रामानं दहा-बारा दिवसांत पांदण रिकामी झाली. अंकितानं आणि तिच्या आईनं दोन दुपारी फावड्यानं कडा खरवडल्या, चुना टाकला, वर माती ओढली. तोंडाला ओढणी बांधूनही वास जिभेवर बसत होता. हात धुऊन झाल्यावरही अंकिताला ते आपले वाटत नव्हते. पण नडग्या दुखायच्या थांबल्या. आठशे मीटर सव्वातीन मिनिटांवर आले.

मग एका सकाळी पांदणीच्या तोंडाशी जयवंता उभी होती. नाल्याकाठच्या शेवटच्या ओळीत तिचं घर. पन्नाशीची, वेचणीच्या मजुरीवर जाणारी विधवा.

"झालं तुह्यं मन शांत?" तिनं विचारलं.

"काय झालं, काकू?"

"पांदणीतले मानसं कुठी गेले, पाह्यलं काय? नाल्यावर आले. थे आमची जागा होती. आमच्या ओळीत सात घरं. सरकारच्या कागदावर सात संडास, भित्ती उभ्या केल्या आन् खड्डे खंदलेच नाई. आमी जावं कुठी? आता तीन वाजता उठतो, अंधारात सापाकिरड्यातनी बसतो. नाई तं दिवसभर आवरून धरतो. माह्या सुनेले लघवीची जळजळ लागली, दवाखान्यात नेली काल." तिनं अंकिताच्या बुटांकडे पाहिलं. "तुले धावाले माती भेटली. आमची गेली."

ते सात संडास अंकितानं शंभरदा पाहिले होते. त्यांत खड्डे नाहीत, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. तिला इतके दिवस गावाची किळस आली होती; आता पहिल्यांदा स्वतःची आली. आपण फक्त आपल्या नडग्यांचा विचार केला, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी ती धावली नाही. घरी जाऊन आईशी बोलली. संध्याकाळी कोकिळा स्वतः नाल्याकाठी गेली आणि जयवंताला म्हणाली, "आमचा संडास अंगणाच्या बाहेरच्या कडेले हाये. दाराले कुलूप नाई. तुमी सगळ्या येत जा. खड्डे होईपर्यंत."

जयवंतानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बबनरावाले विचारलं?"

"त्यायले संडास लागतच नाई," कोकिळा म्हणाली.

बायका येऊ लागल्या. आधी दोघी, मग सगळ्या. पाणी त्या स्वतः आणत, जाताना धुऊन जात. चौथ्या दिवशी बबनरावांनी पाहिलं आणि महिन्यानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"या लोकायले माह्या घरी? माह्या संडासात?" ते ओसरीतून ओरडले. "आता मेलो तरी मी त्यात पाय ठेवणार नाई."

अंकिता बापाकडे पाहत राहिली. उघड्यावर बसताना ज्याला कधी किळस आली नाही, त्याला जयवंताच्या स्वच्छ पाण्याची आली होती. तिला वाटलं, शर्टावरची पिचकारी बरी होती. ती निदान जळाली तरी.

"नका ठेवू," ती म्हणाली.

त्यानंतर बबनराव रोज पहाटे मोटारसायकल काढून तीन किलोमीटरवरच्या आपल्या शेतात जाऊ लागले. थंडीत, कानाला मफलर गुंडाळून, हँडलला बाटली अडकवून.

अंकितानं ग्रामसभेत सात खड्ड्यांचा अर्ज दिला. जयवंतासह सात बायकांचे अंगठे आणि सह्या त्यावर होत्या. वासुदेवराव उठून बाहेर गेले. सचिवांनी अर्ज घेतला, पोच दिली. फेब्रुवारीपर्यंत तीन खड्डे झाले. चारांचं काम पुढच्या निधीवर ढकललं गेलं. त्या चार घरांच्या बायका अजून कोकिळेच्या अंगणात येतात.

वर्ध्याला भरतीच्या मैदानावर अंकितानं आठशे मीटर दोन मिनिटं चौपन्न सेकंदांत संपवले. लेखी परीक्षेचा निकाल एप्रिलमध्ये लागला, तिचं नाव निवड यादीत होतं. बबनरावांनी चौकात पेढे वाटले. वासुदेवरावांनी पहिला पेढा घेतला आणि म्हणाले, "पोरगी पहिल्यापासूनच डेरिंगबाज होती." अंकिता हे घराच्या ओसरीतून ऐकत होती. ती आत गेली आणि प्रशिक्षणाला न्यायची बॅग भरू लागली.