मर्यमच्या घरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, आणि जुना म्हणजे कालपरवाचा नव्हे. सोळाशे पावसाळे पाहिले म्हणालो असतो, पण इथे कतारात पाऊस धड पडतच नाही. म्हणून सोळाशे उन्हाळे म्हणतो.

समैस्माच्या किनाऱ्यावर मर्यम नावाची बाई राहायची. नवरा मोत्यांसाठी बुड्या मारायचा आणि एकदा वर आलाच नाही. तिनं मला स्वतःच्या हातांनी घडवलं. चोच जरा वाकडी झाली, ती वाकडीच राहिली. ओल्या मातीत माशाच्या काट्यानं तिनं माझ्या तळाशी एक क्रूस कोरला. रोज पहाटे अकरा माणसं तिच्या घरी जमायची, माझ्या उजेडात येशूची प्रार्थना करायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण दर्यापलीकडच्या राजाला ख्रिस्ताचं नाव खपत नव्हतं. शेजारच्या गावातली माणसं शिपायांनी धरून नेली, तशी मर्यम घाबरली. होडीच्या फटी बुजवायचं डांबर तिनं माझ्या तळाला फासलं आणि क्रूस झाकून टाकला. मला तिचा फार राग आला होता, आता येत नाही.

एका सकाळी शिपाई तिच्याही दारात आले. त्यांचा नायक म्हणाला, राजाच्या देवापुढे एकदा वाक, इथे कोण कोण येतं त्यांची नावं सांग आणि खुशाल तुझी चूल पेटव. मर्यमनं मला उचललं, सुरीनं डांबर खरवडलं आणि माझा तळ त्याच्यासमोर धरला.

“ही खूण माझी आहे. येशू माझा प्रभू आहे. बाकी कुणाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.”

तिला मारलं. ती रडली, मोठ्यानं रडली. धीराची माणसं रडत नाहीत असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नाव मात्र तिनं एकही सांगितलं नाही. मग ते तिला समुद्राकडे घेऊन गेले. रात्र पडेपर्यंत मी तिथेच जमिनीवर पडून तिची वाट पाहिली. ती आली नाही. अकरांपैकी एकालाही शिपायांनी धरलं नाही. त्यांच्यातल्याच एका म्हातारीनं मला चुलीखाली पुरलं.

त्यानंतर मी उजेड पाहिला तो थेट दोन हजार एकवीस साली. पुढच्या वर्षी वर्ल्ड कप होता आणि जिकडे तिकडे रस्त्यांची घाई चालली होती. वली नावाच्या ऑपरेटरच्या मशीननं मला मातीसकट वर काढलं. त्यानं खाली उतरून मला साइट इंजिनिअर अनुजाच्या हातात दिलं आणि मॅडम, चीज पुरानी लगती है, असं बजावलं. जुनं काही सापडलं की सरकारी ऑफिसला कळवायचं, काम थांबवायचं, असा नियम होता. पण नाशिकची ही पोरगी दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली. तिला वाटलं, असेल कुणाची तरी पणती! मला बॅगेत घालून ती अल मन्सूराच्या फ्लॅटवर घेऊन गेली आणि नव्या पणत्या तेल पिऊ नयेत म्हणून भिजत घालतात, तसं तिनं मला पाण्यात घातलं.

सकाळी माझ्या अंगावर शतकानुशतकं साचलेलं मिठाचं कवच गळून पडलं होतं. तळाचा क्रूस दिसत होता आणि पाण्यात भिजल्यानं मला आरपार तडा गेला होता. अनुजा स्वयंपाकघरात खालीच बसली. मग तिनं तिच्या मॅनेजरला, अभिजित सरांना, फोन लावला. ते म्हणाले, टाकून दे, खलास, दुपारी तिथे काँक्रीट पडणार आहे. तिनं फोन ठेवला आणि सरकारी ऑफिसला स्वतःच कळवलं.

काम थांबलं. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी तिच्या बॅगेत होतो. हे आधी कुणी पाहिलं, मशीनवर कोण होतं, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. असल्या वेळी ऑपरेटरलाच पहिल्यांदा घरी पाठवतात, हे अनुजाला ठाऊक होतं. वलीला तीन मुली होत्या.

“सर, दिवा मी उचलला. दुसरं नाव मी सांगणार नाही,” ती म्हणाली.

आठ दिवसांत तिची नोकरी गेली आणि परतीचं तिकीट निघालं. मला सरकारी ऑफिसात सोपवायला ती आली, तेव्हा बाहेर एअरपोर्टची टॅक्सी उभी होती. मला टेबलावर ठेवून तिनं माझ्या तड्यावरून बोट फिरवलं आणि हळूच सॉरी म्हणाली. तिला पोचवायला कुणी आलं नव्हतं. वली दुसऱ्या साइटवर ड्यूटीवर होता. त्याला यातलं काही अजूनही माहीत नाही.

आता मी एका कपाटात आहे. गळ्यात नंबराची चिठ्ठी आहे आणि तडा रोज थोडा वाढतो आहे. माती खणताना जपून खणा, एवढं तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मर्यमला नेलं, तेव्हा अकरांपैकी कुणी दारापर्यंतसुद्धा आलं नव्हतं. दुसऱ्याचं नाव पोटात ठेवून कुणी एकटं निघालेलं दिसलं, तर त्याच्याबरोबर चार पावलं जा. मला पाय नाहीत, मित्रांनो. तुम्हाला आहेत.