दोन वाजताचा आकडा

ब्लॉकचेन हा एकच विषय त्या वर्गाला पाच खात्यांचे शिक्षक मिळून शिकवत होते. पाच जणांनी ढवळलेल्या भांड्याचं जे होतं, तेच त्याचं झालं होतं. पुरवठ्याचे सर म्हणत, ही मालाची वाट आहे. कायद्याच्या मॅडम म्हणत, हा पुरावा आहे. मार्केटिंगचे सर म्हणत, हा गिऱ्हाइकाचा विश्वास आहे. एकदा लिहिलेलं खोडता येत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. लिहिलेलं मुळात खरं असतं का, हे शिकवणं कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

पहिल्या बाकावर बसलेल्या सुपरवायझरला आज सकाळपासून तोच प्रश्न छळत होता. ती लसी साठवणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होती. चाळिशी उलटल्यावर शिकायला बसली, कारण ही पदवी मिळाली तरच मॅनेजरची खुर्ची मिळणार होती. तिच्या गटात एक वकीलबाई आणि एक जाहिरातवाला. तिघांनी मिळून तिच्याच कोल्ड स्टोरेजच्या नोंदी ब्लॉकचेनच्या साखळीवर चढवल्या होत्या. दर दोन तासांनी तिनं थर्मामीटर बघायचा आणि आकडा मोबाइलवरून टाकायचा. आपोआप नोंद करणारं यंत्र मालकांनी पुढच्या वर्षावर ढकललं होतं.

सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "अगं, साधी सामानाची यादी तू चारदा खोडतेस. इथे चुकलीस तर काय करशील?" ती हसण्यावारी नेऊन मोकळी झाली होती.

काल दुपारी दोन वाजता ती बहिणीशी फोनवर भांडत होती. आईनं कुणाकडे राहायचं, हा त्यांचा जुना वाद. थर्मामीटर पंधरा पावलांवर होता. तीन वर्षांत त्यानं चार अंशांच्या पुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिनं बोलता बोलता चार टाकला. चार वाजता बघायला गेली तर पारा अकरावर. दाराचं रबर सुटलं होतं आणि दार नीट लागलंच नव्हतं.

नियम सरळ होता. दोन तासांपर्यंत आठच्या वर गेलं तर चालेल, त्याहून जास्त गेलं तर सगळा माल फेकायचा. मॅनेजरनं साखळी उघडली, दोन वाजताचा चार पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. जास्तीत जास्त दोनच तास, माल ठीक आहे, उद्या तीनच्या गाडीनं रवाना करा, असं त्यानं सांगितलं. दोनचा आकडा अंदाजानं टाकलाय, हे तिनं त्याला सांगितलं नाही. बारा वाजताचा आकडा तिनं डोळ्यांनी पाहिलेला होता. त्यानंतर चार तास आत काय चाललं होतं, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि आता, अडीच वाजता, गटाच्या प्रकल्पाच्या परीक्षेत जाहिरातवाला पडद्यावर नेमकी तीच नोंद दाखवत होता. "ही एक नोंद नसती, तर काल दोनशे खोकी फेकावी लागली असती," तो म्हणाला. परीक्षकांनी माना डोलावल्या. मार्केटिंगच्या सरांनी तर टाळी वाजवली.

उष्णतेनं बिघडलेली लस विषारी होत नाही, नुसती निकामी होते. मूल रडतं, सुई टोचली जाते, आईबाप निर्धास्त होऊन घरी जातात आणि मुलाला कसलंच संरक्षण मिळालेलं नसतं. हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. स्वतःची तिला अशी चीड आली की डोळे भरून आले.

तिनं हळूच वकीलबाईला सगळं सांगितलं. वकीलबाईचा चेहरा उतरला.

"आत्ता काही लिहू नका. लिहिलंत की तो कबुलीजबाब झाला. तुमची नोकरी जाईल."

"आणि मुलांचं काय?"

वकीलबाईनं नजर पडद्याकडे वळवली.

घड्याळात दोन चाळीस झाले. ती उठली, जाहिरातवाल्याला बाजूला सारून लॅपटॉपसमोर बसली आणि टाइप करू लागली. अक्षरं सगळ्यांसमोर पडद्यावर उमटत गेली. 'काल दोन वाजता मी थर्मामीटर पाहिला नव्हता. आकडा अंदाजाने टाकला.'

पण नोंद चढेना. जुन्या नोंदीखाली दुरुस्ती जोडायला गटातल्या दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल, हा नियम त्यांनी स्वतःच मोठ्या हौसेनं केला होता. तिनं जाहिरातवाल्याकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले.

"सहा महिन्यांची मेहनत पाण्यात घालताय तुम्ही. मला यात ओढू नका."

परीक्षक एकमेकांकडे बघत राहिले. दोन पंचेचाळीस. मॅनेजरला फोन लावावा तर तो गाडी भरताना कधीच उचलत नसे, आणि नोंदीखेरीज कशासाठीच तो गाडी थांबवणार नव्हता. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"वकील म्हणून जे सांगायचं ते सांगून झालं," असं म्हणत वकीलबाईनं वाकून सही केली.

दुरुस्तीची सूचना मोबाइलवर पाहून दोनच मिनिटांत मॅनेजरचा फोन आला. गाडी फाटकातच थांबवली होती. पुढे तो जे बोलला ते तिनं निमूट ऐकून घेतलं. परीक्षकांनी त्यांच्या गटाच्या गुणांचा रकाना कोरा ठेवला आणि पुढच्या गटाला बोलावलं.

चारच्या आत ती कोल्ड स्टोरेजमध्ये पोचली. दोनशे खोकी उतरवून एका कोपऱ्यात रचली होती, त्यांवर लाल पट्ट्या चिकटवल्या होत्या. उद्यापासून येऊ नका, आजची पाळी तेवढी पुरी करा, असं मॅनेजर तिच्याकडे न बघता म्हणाला. तिनं मान हलवली.

चार वाजता ती थर्मामीटरसमोर जाऊन उभी राहिली. पारा चारवर होता. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग दाराचं रबर चारी बाजूंनी हातानं चाचपलं, परत येऊन तिसऱ्यांदा पाहिलं, आणि चार लिहिला.